एका कोटातली दोन पोरं

कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, कारण तिला सगळंच ठाऊक असायचं. तीस वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी उभी होती. समोर शर्टांचा ढीग यायचा. ती एकेक उचलायची, कॉलर उलटायची, बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवायची, काजातून बटण घालून काढायची आणि जिथे टाका चुकला असेल तिथे लाल कागदाचा बाण चिकटवून शर्ट बाजूला फेकायची. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, हिच्या हातून देवाचा अंगरखासुद्धा परत येईल.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी उतरवून ठेवता येत नाही. दुकानदार गोड बोलला की तिला वाटायचं, मालात काहीतरी खोट आहे. शेजारीण सहज दारात आली की वाटायचं, ही काय बघायला आली? नवरा बिचारा साधा माणूस, बस आगारात वेळा लिहिणारा. तो म्हणायचा, "मी पाच मिनिटं उशिरा आलो तर तू मला उलटा करून बघतेस, अस्तर नीट आहे का म्हणून."

"असतं का नीट?" ती विचारायची.

अशा बाईच्या हाती तो डबा आला.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. ते छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. बारीकसारीक गोष्टींत मात्र त्यांचा एक हट्ट होता: घरात आगपेटी उघड्यावर दिसता कामा नये. दाराशी कायम वाळूची एक बादली. चूल विझली का, हे तीन वेळा बघितल्याशिवाय ते बाहेर पाऊल टाकत नसत. त्यांच्या उजव्या तळव्यावर एक गुळगुळीत, चकचकीत डाग होता. तो छापखान्यातल्या उकळत्या शिशाचा, असं ते सांगत. आणि आपल्या माणसांबद्दल विचारलं की एकच वाक्य: "घर जळालं. कोणी उरलं नाही." पुढे प्रश्न नाही.

वडिलांची खोली रिकामी करताना थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तो पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला. "जुने फोटो आहेत. तुला हवे तर ठेव." आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. हे दुसरीकडे बघणं तिच्या नजरेतून सुटलं नाही.

डब्यात फार काही नव्हतं. आईवडिलांच्या लग्नानंतरचा फोटो, छापखान्यातल्या माणसांचा एक आणि तळाशी पातळ कागदात गुंडाळलेले दोन जुने, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. दोन्ही सारखेच. खुर्चीत मिशीवाला माणूस, शेजारी उभी बाई, मध्ये आठ-नऊ वर्षांचा कोटातला मुलगा. मागे रंगवलेला जिना, कुठेच न जाणारा. म्हणजे हे आजोबा, ही आजी आणि मधले बाबा. एकाच फोटोच्या दोन प्रती, असं कुणीही म्हणालं असतं.

तिनं ते खिडकीशी नेले. तिची नजर आधी चेहऱ्यांवर गेलीच नाही. ती गेली कोटाच्या बाह्यांवर. एका फोटोत बाही बरोब्बर मनगटावर संपत होती. दुसऱ्यात ती बोटांच्या पेरांपर्यंत लोंबत होती आणि आतून कुणीतरी घाईघाईनं दुमडलेली होती. वरून तिसरं बटण दोन्हीकडे वेगळं, बाकीच्यांपेक्षा मोठं आणि चार भोकांचं. म्हणजे कोट एकच. शेजारच्या फुलदाणीतलं एक फूल दोन्हीकडे डावीकडे मान टाकून पडलेलं. म्हणजे दिवसही एकच.

एका दिवसात कोट वाढत नाही आणि मूल आटत नाही.

मग तिनं चेहरे पाहिले. एकाचे कान डोक्याला चिकटलेले, बाबांसारखे. दुसऱ्याचे कपाच्या कानांसारखे बाहेर आलेले. पोरं दोन होती.

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. वहिनीनं चहा ठेवला. दादा गणिताचा मास्तर, निवृत्त झालेला. पेपरावर कोडं सोडवत होता. तिनं आडवळण घेतलं नाही.

"दादा, बाबांना भाऊ होता?"

पेन्सिल थांबली. "कोणी सांगितलं तुला?"

झालं. जो माणूस काही जाणत नाही तो म्हणतो, "भाऊ? कुठला भाऊ?" जो जाणतो तोच विचारतो, कोणी सांगितलं. तिच्या डोक्यात लाल बाण चिकटला.

"म्हणजे होता."

"मी असं कुठे म्हटलं? अगं, जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार आहे? चहा घे."

"गेल्या वर्षी बाबा गेल्यावर तू दोन दिवस कुठे गेला होतास?"

"मित्राच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सांगितलं होतं ना तुला."

"कुठल्या डोळ्याचं?"

दादानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं चहाकडे.

घरी जाताना ती हिशेब जुळवत गेली. बाबांचं गाव, तिथलं घर, कदाचित ते जळालेलंच नाही. दादा तिथे जाऊन आला आहे. मला पत्ता लागू दिला नाही. का? ज्या घरासाठी लोक भावंडांचे गळे धरतात, तसलंच काहीतरी असणार. ती नवऱ्याला म्हणाली, "दादा आतल्या गाठीचा निघाला."

"दादा?" नवरा म्हणाला. "त्याला साधं पत्त्यांत लबाडी करता येत नाही गं."

"तेच तर. एवढा साधा माणूस असतो का कुठे?"

फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता, अर्धा पुसलेला. भिंगाखाली दोन अक्षरं गळालेलं गावाचं नाव आणि 'स्टेशनसमोर' एवढं लागलं. नकाशात गाव शोधायला तिला पंधरा मिनिटं पुरली. शनिवारी ती सकाळची गाडी पकडून निघाली. दादाला कळवलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तेही गाडी सुटल्यावर.

स्टेशनसमोर स्टुडिओ अजून होता. आता तिथे ओळखपत्रांचे फोटो निघत होते आणि कागदांच्या नकला. मालक पन्नाशीचा, गळ्यात चष्मा. तिनं फोटोंच्या नकलाच दाखवल्या. मूळ फोटो पर्सच्या आतल्या कप्प्यात होते, चेन लावून.

"हा जिना माझ्या आजोबांनी रंगवलेला," तो खूश होऊन म्हणाला. "आणि हे कोण... अहो, हे तर गादीवाले! आमच्या घरच्या सगळ्या गाद्या यांच्याकडच्या. बाबा सांगायचे."

"यांचं कोणी आहे?"

"आहे की. धाकटा मुलगा. मागच्या गल्लीत कुलपांचं दुकान आहे, वर घर. ऐंशीला आलाय, पण अजून चाव्या करतो. तुम्ही कोण म्हणायच्या?"

"सहज," ती म्हणाली आणि निघाली. गावभर बोभाटा व्हायला नको.

गल्ली अरुंद होती. दुमजली घर, बाहेरून रंग दिलेलं. पण मागच्या बाजूला, जिथे आता नुसतं मोकळं अंगण होतं, भिंतीत काळ्या पडलेल्या तुळयांची टोकं दिसत होती. म्हणजे आग लागली होती हे खरं. सगळं घर जळालं हे खोटं. 'कोणी उरलं नाही' हे तर धडधडीत खोटं. आयुष्यभर खोटं बोलण्याचा राग असलेल्या बाबांनी हे एवढं मोठं खोटं का जपलं असेल?

दुकान म्हणजे रुंद कपाटच. भिंतीवर शेकडो कोऱ्या चाव्या, पत्र्याच्या बिल्ल्यांसकट. आत स्टुलावर म्हातारा बसला होता. कान कपाच्या कानांसारखे.

हाच तो. पण लगेच ओळख देणाऱ्यांतली ती नव्हती. आधी माल तपासायचा. तिनं पर्समधून स्वतःच्या घराची चावी काढून फळीवर ठेवली. "हिची एक जोड करून द्या."

म्हाताऱ्यानं चावी उचलली. दात बघितले, उलटी केली, वजन तोलल्यासारखी तळव्यावर ठेवली. तो चावी तपासत होता आणि ती त्याला. भुवया बाबांच्या. मान वाकवण्याची तऱ्हा बाबांची. ओठ कुणाचे, कळेना.

"ही इथली नाही," तो म्हणाला.

"काय?"

"इथे असल्या दातांची कुलपं कोणी लावत नाही. बाई, लोक प्रवासाला निघताना घराची चावी सांभाळतात, परक्याकडून तिची नक्कल नाही करून घेत. कोणाकडून आलात?"

आजवर कुणी तिला असं उलटं करून पाहिलं नव्हतं. ती चपापली आणि चपापल्याचा तिला राग आला. तिनं फोटोंच्या नकला फळीवर ठेवल्या.

म्हाताऱ्यानं हात लावला नाही. वाकून त्यांच्या कडा बघितल्या. मग म्हणाला, "या नकला आहेत. मूळ कुठे आहेत?"

"आहेत. तुम्हाला का दाखवू?"

"मग मी तुमच्याशी का बोलू? मागच्या वर्षी एकजण आला होता. म्हणाला, तुमच्या भावाचा मुलगा. कशावरून? कागद नाही, फोटो नाही. नुसता दारात उभा राहून रडत होता. मी दार लावून घेतलं."

दादा. दारात उभा राहून रडणारा दादा. तिनं त्याला घर लाटणारा ठरवलं होतं आणि तो इथून हाकलला गेला होता. अपमान पोटात घालून तो घरी आला आणि डोळ्याच्या ऑपरेशनची गोष्ट रचली. तीही कशी, तर डावा का उजवा हेही न ठरवता.

तिनं पर्सची चेन उघडली आणि मूळ फोटो काढून ठेवले. "तो माझा दादा. आणि मी बाबांची धाकटी. बाबा गेले. गेल्या वर्षी."

म्हाताऱ्याचा हात चाव्यांच्या ढिगावर पडला, दोन-तीन खाली घरंगळल्या. त्या उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. ती फळी ओलांडून आत गेली, त्याच्या काखेत हात घालून त्याला स्टुलावर बसवलं. सवयीनं तिच्या लक्षात आलं, शर्टाच्या काखेतली शिवण उसवली होती.

"चल वर," तो म्हणाला.

वरच्या दाराला तीन कड्या आणि दोन कुलपं होती. आत एकट्या माणसाची खोली: एक खाट, एक टेबल, एक कप. लग्न केलं नव्हतं. त्यानं कपाटाच्या तळातून एक पाकीट काढलं. त्यात तिसरा फोटो होता. तोच जिना, तेच आईवडील आणि दोन्ही मुलं. बाबा कोट घालून पुढे उभे. धाकटा खुर्चीमागे; त्याचं नुसतं डोकं आणि दोन कान दिसत होते.

"कोट एकच होता ना," म्हातारा म्हणाला. "आई म्हणाली, दोघांचे वेगवेगळे काढू, म्हणजे दोघेही कोटात येतील. फोटोवाला म्हणाला, एक तरी एकत्र हवा. मग मला खुर्चीमागे उभं केलं. खाली मी नुसत्या बनियनवर आहे."

ती हसली. हसता हसता सावध झाली. "मग एवढं काय झालं, की त्यांनी तुम्हाला आयुष्यातून पुसून टाकलं?"

"त्यानं काय सांगितलं?"

"आधी तुम्ही सांगा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू पोलिसात आहेस का?"

"कपडे तपासते."

"त्यापेक्षा पोलीस बरे," तो म्हणाला आणि टेबलाशी बसला.

मग त्यानं सांगितलं. मागच्या अंगणात कापसाचं गोदाम होतं. तो सोळाचा, दादा, म्हणजे त्याचा दादा, तिचे बाबा, अठराचे. एका दुपारी गोदाम पेटलं. कापूस तो, बघता बघता राख. दादा आत घुसला, गठ्ठे ओढून काढायला लागला, हात भाजून घेतला. आग विझल्यावर वडिलांनी दोघांना समोर उभं केलं. आत सिगारेट कोण ओढत होतं?

"मी म्हटलं, दादा."

खोलीत खालच्या रस्त्यावरच्या हातगाडीचा खडखडाट ऐकू आला.

"आणि ओढत कोण होतं?" तिनं विचारलं.

"मी."

तिला यावर विश्वास ठेवायला फार आवडलं असतं. म्हणूनच तिनं ठेवला नाही. समोरचा माणूस ऐंशीचा, एकटा, आणि घरात कुणीतरी रक्ताचं आलेलं. अशा वेळी माणूस काय हवं ते बोलून जातो. तिनं उलटतपासणी सुरू केली. सिगारेट कुठून आणली? कुठे बसला होतात? कुणी पाहिलं? तो एकेक उत्तर देत गेला, न चिडता, जणू हे प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून तो केव्हापासून बसून होता. खिडकीजवळच्या गठ्ठ्यांमागे. वडिलांच्या खिशातली. घरातून हाक आली म्हणून घाईनं भिंतीवर चुरडली, विझली असं वाटलं.

"आणि बाबांनी नाकारलं नाही?"

"तेच तर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग वडिलांना म्हणाला, 'हो, मीच.' त्याच आठवड्यात वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. पुन्हा नाव घ्यायचं नाही, अशी ताकीद. मला कधी कळलं नाही तो 'हो' का म्हणाला. माया म्हणून, की मला जन्मभर टांगून ठेवायला? मला सारखं वाटायचं, एक दिवस तो येईल आणि सगळ्यांसमोर सांगेल. आईवडील होते तोवर तर रोज वाटायचं. नंतर सवयच झाली. मागच्या वर्षी तो मुलगा दारात आला, मला वाटलं, आला निरोप. म्हणून दार लावलं."

ती उठून खिडकीशी गेली आणि दादाला फोन लावला. आडवळण याही वेळी नव्हतं. "दादा, मी काकांकडे आहे. भांडू नकोस, आधी उत्तर दे. बाबांनी तुला आगीबद्दल काय सांगितलं होतं? अगदी शब्दाला शब्द."

पलीकडे पेन्सिल ठेवल्याचा आवाज. मग दादाचा मास्तरी आवाज, थोडा फाटलेला. "शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात. म्हणाले, माझ्या हातून गोदाम जळलं, घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिथे धाकटा आहे, मी गेल्यावर त्याला कळव. आणि म्हणाले, तिला सांगू नकोस. ती दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची उलटतपासणी घेईल."

तिनं डोळे मिटले. "बरं."

"घेतलीस का?"

"घेतली."

फोन ठेवून ती वळली. काका तिच्या तोंडाकडे बघत होता, शाळेत निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा. तिनं सांगितलं. बाबांनी मरतानाही स्वतःचंच नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं नाही.

काकाला आधी समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मग तो संतापला. खरोखर संतापला, टेबलावरचा कप त्यानं ढकलून दिला. "मग मी चौसष्ट वर्षं कोणाला घाबरत होतो? कोणाला? या कड्या, ही कुलपं..." आणि मग त्याला रडू आलं, ते कितीतरी वेळ थांबेना. तिला माणसांना जवळ घ्यायची सवय नव्हती. तिनं पर्समधून सुईदोरा काढला, त्याला शर्ट काढायला लावला आणि काखेतली शिवण घालायला बसली. हाताला काम असलं की तिला माणसाजवळ बसता यायचं.

शिवता शिवता तिच्या मनातला किडा वळवळतच होता. बाबांना खरं माहीत होतं का? की सिगारेट ते दोघंही ओढत होते आणि कुणाचं थोटूक पेटलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं? दोन म्हातारे, दोघंही म्हणतात मीच. एकाचं तरी खोटं असणारच. हे तपासायला आता टेबल नव्हतं. तिनं दोरा तोडला आणि शर्ट परत दिला. काकानं शिवण उलटून बघितली.

"बरी आहे," तो म्हणाला.

परतल्यावर ती स्टेशनवरून थेट दादाकडे गेली. वहिनीनं दार उघडलं. दादा कोडं सोडवत होता.

"मला वाटलं होतं, तू ते घर लाटतोयस," ती दारातूनच म्हणाली.

"मला माहीत होतं," दादा वर न बघता म्हणाला. "तू चप्पलसुद्धा न काढता आत आलीस तेव्हाच कळलं होतं. कुठल्या डोळ्याचं, म्हणे! तिथेच अडकवलंस मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिथे दारातून हाकललं मला. तुलाही हाकललं असतं तर तू दार उखडून आणलं असतंस."

वहिनी आधी हसली. मग तेही दोघे हसले, पण दादाला ते हसणं फार वेळ जमलं नाही. तो उठून आत गेला, तोंड धुऊन आला.

काका दोन महिन्यांनी आला. एक छोटी बॅग, हत्यारांची पेटी आणि तिसऱ्या फोटोची नवी नक्कल. मूळ फोटो त्यानं दिला नाही; म्हणाला, माझ्या माघारी घ्या. तिलाही ते पटलं, तिनंही दिला नसता. पहिल्या दिवशी त्यानं दादाची माफी मागितली, पण ती इतकी पुटपुटत, की दादाला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या घरांची कुलपं तपासली आणि एकही पसंत केलं नाही.

तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, सगळे चहा घेत बसले होते. काका हातातला कप फिरवत राहिला. मग त्यानं विचारलं, "तो हसायचा का? म्हणजे, नंतर. इकडे आल्यावर."

"हसायचे की," दादा चटकन म्हणाला. "आमच्या परीक्षेच्या निकालाला, आई काही बोलली की. खूपदा."

"फारसं नाही," ती त्याच वेळी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, तिनं एकदाच ऐकलं होतं, आणि तेही रेडिओवर काहीतरी लागलं होतं म्हणून. काका एकेकाकडे बघत राहिला, कुणाचं खरं धरावं ते ठरवत. गाडीची वेळ झाली, तरी त्याचं ठरलं नाही.